पिशवी काढायची तारीख मिळाली, पण डोक्यात कॅन्सरच फिरून राहिला

नंदनवनची_मी

नमस्कार. वय ४७, नागपूर, शाळेत शिकवते. मोठं लिहून राहिली आहे पण घरात बोलायची सोय नाही म्हणून इथे.

वर्षभरापासून पाळी म्हणजे नुसता छळ. गाठी जातात, वर्गात सलग दोन तास उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, हलक्या रंगाच्या साड्या कपाटातच पडून आहेत. हिमोग्लोबिन ७.८ वर आलं तेव्हा कुठे दवाखान्यात गेले. सोनोग्राफीत पिशवी मोठी, ५ सेंटीमीटरचा फायब्रॉइड, म्हणजे साधी गाठ, आणि पिशवीचं आतलं अस्तर १७ मिलीमीटर. मॅडमनी क्युरेटिंग करून, म्हणजे अस्तर खरवडून, तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट आला हायपरप्लेझिया विदाउट एटिपिया, म्हणजे अस्तर जाड झालंय पण पेशी बिघडलेल्या नाहीत. गोळ्या झाल्या, मिरेना (पिशवीत बसवतात ते हार्मोनचं साधन) बसवली तर ती ब्लीडिंगबरोबर बाहेर पडली. आता दुर्बिणीतून पिशवी काढायचं ठरलंय, पुढच्या महिन्यात. तोवर आयर्नची सलाईन.

इथपर्यंत मी ठीक होते हो. तारीख ठरली त्या दिवशी सहज विचारलं, मॅडम कॅन्सर तर नाही ना, तर त्या म्हणाल्या बायोप्सीत तसं काही नाही, पण शंभर टक्के पूर्ण पिशवीचा रिपोर्ट आल्यावरच सांगता येईल. झालं. तेव्हापासून झोप नाही. त्यात सीए-१२५, कॅन्सरच्या शंकेसाठी करतात ती रक्ताची तपासणी, आलाय ५८ आणि रिपोर्टवर तो आकडा ठळक छापलेला, ३५ च्या आत पाहिजे म्हणे. माझी मावशी पिशवीच्या कॅन्सरनीच गेली, मी कॉलेजात होते तेव्हा. सासूबाई म्हणतात चाकू लागला की पसरते ते, आमच्या अमकीचं तसंच झालं. नवरा म्हणतो विचार नको करू. आता विचार न करण्याचं बटन कुठे असतं ते त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

रात्री तीनला जाग येते, मोबाईल घेते, तेच तेच वाचते, सकाळी डोळे सुजलेले. मुलगी पुण्याला आहे, तिला नुसतं "छोटं ऑपरेशन" सांगितलंय. तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर ते मधले दिवस कसे काढले ते सांगा. धीर धर असं नका सांगू प्लीज, ते सगळे सांगून राहिले.

महालची_काकू

अगं बाई, मी तुझ्याच वाटेनं गेली आहे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी ४९ ची, रिपोर्ट साधा आला, फायब्रॉइड आणि एडिनोमायोसिस, म्हणजे अस्तर पिशवीच्या स्नायूत वाढतं ते. पण रिपोर्ट यायच्या आधी मी काय काय केलं ते ऐकशील तं हसशील. कपाट आवरलं, दागिने कोणाला कोणता द्यायचा ते वहीत लिहून ठेवलं, सुनेला लोणच्याचं प्रमाण सांगितलं. ती म्हणे आई, एवढं काहून घाई करून राहिल्या, मी काय लोणचं आजच घालून राहिली का.

मला फायदा झाला तो एका गोष्टीचा. आमच्या डॉक्टरीणबाईला मी सरळ विचारलं की तुमच्या मनात काय शंका आहे ते सांगा, ऑपरेशन कशासाठी करून राहिल्या, ब्लीडिंगसाठी की कॅन्सरच्या भीतीसाठी. त्या म्हणाल्या ब्लीडिंगसाठी. एवढं वाक्य कानावर पडलं आणि मला त्या रात्री झोप लागली. तू विचारलं का असं? तुझ्या मॅडम जे बोलल्या ते सगळे डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात गं, पूर्ण पिशवी तपासल्याशिवाय कोणी लिहून देत नाही.

आणि सासूबाईंचं मनावर नको घेऊ. आमच्याकडेही हेच, चाकू लागला की पसरते. आधीच्या काळी लोकं दवाखान्यात जायचेच तेव्हा, जेव्हा सगळं पसरून झालेलं असायचं, मग ऑपरेशनचं नाव बदनाम.

स्लाइडवाला

मी नागपुरातच एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे सल्ला देत नाही, फक्त तुमची पिशवी आमच्याकडे आल्यावर काय होतं ते सांगतो. पेशंटच्या मनात त्या आठवड्याबद्दल फार गैरसमज असतात आणि फोनवर रोज तेच ऐकतो.

आधी क्युरेटिंगचं. त्यात अस्तराचा खरवडून जेवढा येईल तेवढाच भाग येतो, सगळं अस्तर येतच नाही. म्हणून "बायोप्सीत नाही पण पूर्ण रिपोर्टनंतर" हे वाक्य. ते तुमच्यासाठी खास बोललेलं नाही.

ऑपरेशननंतर पिशवी फॉर्मलीनच्या, म्हणजे ती टिकवणाऱ्या रसायनाच्या, डब्यात येते. आम्ही ती उघडून ठेवतो म्हणजे फॉर्मलीन आतपर्यंत मुरेल, नाहीतर बाहेरून टणक आणि आतून खराब होते. एक रात्र तरी तशीच. मग पॅथॉलॉजिस्ट मॅडम वजन करतात, मापं घेतात, अस्तराचा, पिशवीच्या तोंडाचा, स्नायूचा, नळ्यांचा, प्रत्येकाचा तुकडा काढतात, फायब्रॉइड कापून आतून कसा दिसतो ते बघतात. साधा फायब्रॉइड कापला की पांढरा, टणक आणि गोल गोल वेटोळ्यांचा दिसतो, ते बघायची आम्हाला इतकी सवय आहे की तुम्ही त्याच्या नावानी रात्री जागता हे खरं वाटत नाही. मग ते तुकडे प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये, रात्रभर मशीनमध्ये, दुसऱ्या दिवशी मेणाचे ब्लॉक, त्याचे ३-४ मायक्रॉनचे काप, काचेवर, मग जांभळा-गुलाबी रंग. एवढं झाल्यावर कुठे मॅडम मायक्रोस्कोपला बसतात.

यात दिवस जातातच, मध्ये रविवार किंवा सुट्टी आली की अजून एक. त्यामुळे "रिपोर्टला वेळ लागतोय म्हणजे काहीतरी सापडलं" हे डोक्यातून काढा. कधी जास्तीचे तुकडे घेतले जातात, कधी स्पेशल स्टेनिंग होतं, आणि बऱ्याचदा शेवटी साधाच रिपोर्ट जातो.

जामठा_रोड

मी जरा वेगळं सांगणार आहे. सगळ्या "काही होत नाही" म्हणणाऱ्या मैत्रिणींमध्ये एक जण अशीही पाहिजे जिचं निघालं. माझं निघालं.

घाबरू नका, पूर्ण वाचा. माझ्या बायोप्सीत हायपरप्लेझिया विथ एटिपिया होतं. तुमच्यात विदाउट आहे, आणि या एका शब्दाने फार फरक पडतो. एटिपिया नसेल तर पुढच्या २० वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली धरतात. एटिपिया असेल तर कॅन्सर आधीच आत असण्याची शक्यता बरीच असते, म्हणूनच मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की असू शकतो, कॅन्सर सर्जनकडेच करा. तरी रिपोर्ट हातात आला तेव्हा मी रामदासपेठेच्या भर रस्त्यात स्कुटी लावून रडले ते रडलेच, एक अनोळखी मुलगी पाण्याची बाटली देऊन गेली.

पहिली स्टेज होती. पिशवी, नळ्या, अंडाशय काढले, नंतर आतून शेक (रेडिएशन) दिला, केमो लागली नाही. आता तपासणीला जाऊन येते, बाकी नोकरी, भांडणं, भाजी, सगळं पहिल्यासारखं. या कॅन्सरचं एक बरं असतं, ब्लीडिंग होऊन तो लवकर ओरडतो, म्हणून बहुतेक बायकांचा पहिल्याच स्टेजला सापडतो आणि त्यातल्या दहापैकी नऊ जणी पाच वर्षांनंतरही असतात.

हे मी का सांगून राहिली, तर मला स्वतःला "नसेलच" म्हणणाऱ्या लोकांचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो "असला तर काय" याचं उत्तर आधीच माहीत असण्याचा. मी एका कागदावर लिहिलं होतं: असला तर कुठे जाणार, पैसे कुठून, सोबत कोण, आईला कोण सांगणार. नागपुरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे मानेवाड्याला, एनसीआय हे कॅन्सरचंच हॉस्पिटल आहे जामठ्याला, मिहानला एम्स आहे, मुंबईला पळायची वेळ पहिल्या दिवशीच येत नाही. हे लिहून झालं आणि रात्री तीनच्या जागरणाला काही कामच उरलं नाही. जाग यायची, पण कागद तयार असायचा.

मावशीबद्दल एक विचारते. त्यांना पिशवीच्या आतला होता की पिशवीच्या तोंडाचा? आपल्याकडे दोन्हीला पिशवीचाच कॅन्सर म्हणतात. तोंडाचा बहुतेक वेळा एचपीव्ही व्हायरसमुळे होतो, तो आतल्यासारखा घराण्यातून येणाऱ्यातला धरत नाहीत. जुनी फाईल किंवा मावसभाऊ वगैरे कोणी असेल तर विचारून घ्या. आणि आईकडे कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का तेही. पिशवीचा आणि आतड्याचा असे दोन्ही एका घरात असतील तर डॉक्टरांना ते ऐकायचंच असतं.

विदर्भ_एक्सप्रेस

ताई, रागावू नका, पण पिशवी काढायची एवढी घाई काय? विदाउट एटिपियाला आधी मिरेना किंवा गोळ्याच देतात, हे मी बायकोच्या वेळेस वाचलेलं. आपल्या राज्यात उगाच पिशव्या काढायचं किती झालं ते बीडच्या ऊसतोड बायकांच्या वेळी २०१९ ला सगळ्यांनी पाहिलं. सेकंड ओपिनियन घ्याच.

नंदनवनची_मी

@विदर्भ_एक्सप्रेस, रागवायचं काय त्यात. धंतोलीत दुसऱ्या मॅडमकडे जाऊन आले, त्यांचंही तेच मत. मिरेना टिकली नाही, गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन खालीच, फायब्रॉइड आतल्या बाजूला वाढलेला. पिशवी काढण्याबद्दल माझ्या मनात काही नाही हो, जाऊ द्या एकदाची. नंतर काय निघेल ते आहे.

@जामठा_रोड तुमचं वाचून आधी छातीत धस्स झालं आणि मग का कोण जाणे बरं वाटलं. मावसभावाला फोन केला. मावशीला यवतमाळहून नागपूरला आणून शेक दिला होता, ऑपरेशन केलंच नव्हतं, फाईलवर सर्व्हिक्स, म्हणजे पिशवीचं तोंड, लिहिलंय म्हणे. आतड्याचं कोणालाच नाही.

आयुर्निसर्ग

ताई, गोमूत्र अर्क आणि कच्ची हळद सकाळी उपाशीपोटी सुरू करा, गाठी विरघळतात, ऑपरेशनची गरजच पडत नाही. आमच्या ओळखीत बऱ्याच जणींना फरक आहे. इनबॉक्स करा.

महालची_काकू

इनबॉक्स काहून, इथंच सांगा ना बाप्पा, किती रुपये ते.

स्लाइडवाला

नंदनवन ताई, असले अर्क, काढे, लसणाच्या कॅप्सूल काही चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, काहींनी रक्तस्राव वाढतो. भाजीतली हळद चालते.

पीजी_करणारी

मी गायनॅकला रेसिडेंट आहे, इथे नेहमी लिहीत नाही पण दोन-तीन मुद्दे राहिलेत.

सीए-१२५ एकट्याने काही सांगत नाही. पाळी चालू असलेल्या वयात तो फायब्रॉइडने, एडिनोमायोसिसने, एंडोमेट्रिऑसिसने (अस्तर पिशवीबाहेर वाढतं ते), अगदी पाळीच्या दिवसांत रक्त दिलं तरी वाढतो. सोनोग्राफीत अंडाशय व्यवस्थित दिसत असतील तर ५८ वर कोणी कॅन्सर म्हणणार नाही. रक्त कधी दिलं होतं ते आठवा. अस्तराचंही तेच, पाळी गेल्यानंतर ब्लीडिंग झालं तर ४ मिलीमीटरच्या वर गेलेलं अस्तर आम्ही तपासतोच, पण तुमची पाळी चालू आहे, तो आकडा तुम्हाला लावायचा नाही, आणि नेटवर तोच आकडा सगळीकडे लिहिलेला असतो.

चाकूने पसरतो हे चूक आहे, पिशवीच्या आतल्या कॅन्सरवर बहुतेक वेळा पहिला उपचारच ऑपरेशन असतो. पण सासूबाईंच्या भीतीच्या आसपासची एक खरी गोष्ट आहे आणि ती विचारलीच पाहिजे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मोठी पिशवी किंवा फायब्रॉइड कधीकधी पोटातच मशीनने तुकडे करून बाहेर काढतात. फायब्रॉइड समजून काढलेली गाठ फार क्वचित सार्कोमा, म्हणजे स्नायूचा कॅन्सर, निघते, आणि तशी निघाली तर तुकडे करण्याने पेशी पोटात पसरू शकतात. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये त्या मशीनबद्दल इशारा दिला. तुम्ही एवढंच विचारा: पिशवी खालून अख्खी काढणार का, आणि तुकडे करावे लागले तर बॅगमध्ये घालून करणार का. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

अंडाशयांचंही आधीच बोलून ठेवा. सहीच्या कागदावर घाईत वाचू नका. ४७ ला ते काढले तर पाळी एकदम बंद पडल्याचा त्रास होतो, गरमीचे झटके, झोप, पुढे हाडं. नळ्या काढायचा सल्ला मात्र हल्ली बऱ्याच जणी देतात, कारण अंडाशयाच्या कॅन्सरचा एक मोठा प्रकार नळीच्या टोकापासून सुरू होतो.

आणि झोपेचं. तीनला जाग येऊन मोबाईल हातात घेणं हे सगळ्यात वाईट. चार्जर स्वयंपाकघरात नेऊन ठेवा. आम्ही पेशंटना सांगतो की काळजी करायची तर दिवसा करा, ठरवून करा, संध्याकाळी अर्धा तास वही घेऊन बसा, ज्याचं ज्याचं भ्या वाटतं ते लिहा, त्यातलं जे डॉक्टरला विचारता येईल त्याच्यासमोर खूण करा. रात्री आठवलं की म्हणायचं, उद्या साडेसहाला. हास्यास्पद वाटतं पण आठवडाभरात फरक पडतो. तरी झोप नाहीच आली, जेवण जाईना, सतत धडधड, तर डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मनाने झोपेची गोळी आणू नका.

विदर्भ_एक्सप्रेस

नवऱ्याच्या बाजूनी एक लिहितो. "विचार नको करू" आम्ही म्हणतो कारण आमचीच फाटलेली असते. माझ्या बायकोच्या वेळेस मला काय बोलावं सुचत नव्हतं म्हणून मी ब्लड बँक, इन्शुरन्स, कागदपत्रं यातच फिरत राहिलो आणि तिला वाटलं याला काही पडलेलीच नाही. तुमच्या मिस्टरांना एक ठरावीक काम द्या. डॉक्टरांसमोर तुम्ही विचारायचं आणि त्यांनी उत्तरं लिहून घ्यायची. आपल्याला ऐकलेलं अर्धं आठवत नाही, आणि आठवतं ते बरोबर वाईटच अर्धं.

नंदनवनची_मी

काल मॅडमकडे जाऊन आले. यांना वही दिली होती, शाळेत निरीक्षकाचं इन्स्पेक्शन असावं तसे गंभीर चेहऱ्याने लिहीत बसले.

कशासाठी करताय असं विचारलं. म्हणाल्या ब्लीडिंग आणि हिमोग्लोबिनसाठी, कॅन्सरची शंका असती तर मी तुम्हाला आधीच कॅन्सर सर्जनकडे पाठवलं असतं. पिशवी खालच्या बाजूने अख्खी काढणार, नाहीच निघाली तर बॅगमध्ये. अंडाशय चांगले दिसले तर ठेवणार, नळ्या काढणार. सीए-१२५ चं रक्त मी पाळीच्या तिसऱ्या दिवशी दिलं होतं हे मलाच तिथे तारखा बघताना कळलं. असलाच तर काय, हेही विचारलं. म्हणाल्या रिपोर्ट घेऊन दोघी बसू, पुढचं कोणाकडे पाठवायचं ते त्या स्वतः फोन करून ठरवतील.

भीती गेली असं नाही म्हणणार. पण आधी ती सगळीकडे होती, आता फक्त त्या एका रिपोर्टवर आहे. मुलीलाही सांगितलं. ती माझ्यावरच चिडली, आधी का नाही सांगितलं म्हणून, आणि सुट्टी टाकून येऊन राहिली. सासूबाईंना काही समजवायच्या भानगडीत पडले नाही, त्यांना डिंकाचे लाडू करायचं काम दिलंय.

@स्लाइडवाला एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे रिपोर्ट तयार झाला की तो डॉक्टरला जातो की आधी पेशंटच्या मोबाईलवर येतो? मला तो एकटीने उघडायचा नाहीये.

स्लाइडवाला

आमच्याकडे तरी मेसेज पेशंटच्या नंबरवर आधी जातो, पीडीएफची लिंक असते, कधी रात्री दहालाही सुटतो. बऱ्याच लॅबचं असंच आहे. ॲडमिट होताना फॉर्मवर आणि सॅम्पल पाठवायच्या कागदावर तुमच्या नंबरऐवजी मिस्टरांचा नंबर लिहायला सांगा, आणि मॅडमची रिपोर्टची अपॉइंटमेंट डिस्चार्जच्या दिवशीच घेऊन ठेवा. ब्लॉक आणि स्लाइड लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात, कोणाला दुसरं मत हवं असेल तर मागितले की मिळतात.

महालची_काकू

आणि मिस्टरांना सांगून ठेव, रात्री दहाला आला तं सकाळपर्यंत तोंड बंद. माझ्या नवऱ्यानं मला साडेअकराला उठवलं होतं, नॉर्मल आहे सांगायला.